मराठवाड्यात व्हायोलिन शिकताना आणि शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तीन जणांसाठी आहे : मुलाला व्हायोलिन शिकवावं की नाही या विचारात असलेले पालक, स्वतः शिकू पाहणारे मोठे, आणि तालुक्याच्या गावी किंवा शाळेत वर्ग सुरू करणारे शिक्षक. हिंदुस्थानी पद्धत गृहीत धरली आहे.

शास्त्रीय संगीत ठरावीक घरांतल्या मुलांसाठीच असतं ना?

इतिहास पाहिला तर नाही. आजचा व्यवहार पाहिला तर बऱ्याच अंशी हो.

बाबा अलाउद्दीन खाँ सरोद वाजवायचे तसेच व्हायोलिनही वाजवायचे. अनाथ मुलामुलींना हाताशी धरून त्यांनी मैहर बँड उभा केला. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग हे त्यांचेच शिष्य. ख्याल गायकीत केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आलेल्या गायिका शिखरावर पोचल्या. एन. राजम यांनी व्हायोलिनवर गायकी अंग (गळ्यातून गावं तसं वाजवणं) आणलं, बनारस हिंदू विद्यापीठात कित्येक वर्षं शिकवलं, आणि मुलीनं वाद्य वाजवावं का हा प्रश्नच निकाली काढला.

मराठवाड्यातही सूर कुणा एकाच्या मालकीचा कधी नव्हता. गोंधळ्यांचं संबळ-तुणतुणं, खुलताबादच्या उरुसातली कव्वाली, नांदेडच्या हजूर साहिबातलं शबद-कीर्तन, तांड्यावरची बंजारा गाणी, आंबेडकरी जलसे, पैठणचं भारूड हे सगळं इथलंच. किनवट-माहूरकडच्या पट्ट्यात परधान समाजाचे कथेकरी किंगरी वाजवतात, आणि ती तर गजानंच वाजते. व्हायोलिन विलायतेहून आलं, हे खरं. पण तारेवर गज फिरवणं या मातीला नवीन नाही.

मुलं अडतात ती दुसरीकडेच. घरी वाद्य नाही, क्लास जिल्ह्याच्या ठिकाणी, शेवटची बस सहाला, घरात शांत कोपरा नाही. ‘प्रवेश सर्वांना खुला’ अशी पाटी लावून यातलं काहीच सुटत नाही. म्हणून खालचे बरेचसे प्रश्न तारा, आकार आणि वेळापत्रक यांबद्दलचे आहेत.

कितव्या वर्षी सुरुवात करावी?

सात-आठ वर्षं हे सोयीचं वय. पाच वर्षांचं मूलही शिकतं, पण मग रोज सोबत बसणारं मोठं माणूस घरात हवं. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांची बोटं वळायला वेळ लागतो, पण कानाची तयारी बहुतेक वेळा मुलांपेक्षा बरी असते. भजनी मंडळात वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला सूर कुठे लागला हे वेगळं सांगावं लागत नाही.

कोणत्या आकाराचं व्हायोलिन घ्यावं?

डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाजूला पसरा आणि मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत टेपनं मोजा. ५८ सेंमी किंवा जास्त भरलं तर पूर्ण आकार, साधारण ५६ असेल तर पाऊण, ५१ च्या आसपास अर्धा, ४७ ला पाव आणि ४२ ला अष्टमांश आकार घ्यावा.

‘मोठं घेऊन ठेवू, वापरेल पुढे’ हा चपलांना लावायचा हिशेब इथे लावू नका. वाद्य मोठं झालं की मूल मनगट वाकवून स्वर गाठतं. ती सवय पुढे दोन-दोन वर्षं सुटत नाही. दोन आकारांच्या मधलं माप आलं तर लहान घ्या.

दुकानात किंवा ऑनलाइन घेताना काय बघायचं?

तीन-चार हजारांत वाद्य ठेवायची पेटी, बो (गज) आणि त्याच्या केसांना लावायच्या राळेसकट संच मिळतो. तो वाजतो, पण मिळाल्या अवस्थेत बहुधा नाही. त्यात नेहमी चार गोष्टी बिघडलेल्या असतात.

पहिली गोष्ट खुंट्या. त्या भोकात नीट बसलेल्या नसतात, त्यामुळे सूर लावून हात काढला की तार उतरते. दुसरी ब्रिज, म्हणजे घोडी. ती फार उंच येते. फिंगरबोर्डच्या (बोटं दाबायच्या पट्टीच्या) टोकापाशी पहिल्या, बारीक तारेखाली साधारण साडेतीन मिमी आणि चौथ्या, जाड तारेखाली साडेपाच मिमी अंतर हवं. यापेक्षा बरंच जास्त असेल तर लहान मुलाचं बोट तारेत रुततं आणि आठवड्याभरात उत्साह संपतो. तिसरी साउंड पोस्ट. आत उभी असलेली ही सहा मिमी जाडीची काडी प्रवासात पडते. एफ आकाराच्या छिद्रातून टॉर्च मारून बघा. बारीक तारेकडच्या ब्रिजच्या पायामागे, शेपटीच्या बाजूला दोन-तीन मिमीवर ती उभी दिसली पाहिजे. पडलेली असेल तर तारा ताणू नका, वरची फळी तडकते. चौथी गोष्ट फिंगरबोर्ड. काळा रंग फासलेलं हलकं लाकूड असेल तर वर्षभरात तारांच्या खाचा पडतात.

चारही तारांना फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे शेपटीकडचे स्क्रू) असलेलं वाद्य मिळालं तर नवशिक्यासाठी तेच घ्यावं. पैसे थोडेच असतील तर बो बदलण्याआधी तारा बदला. संचाबरोबर आलेल्या तारांपेक्षा साध्या पण बऱ्या स्टीलच्या तारांनी आवाजात जितका फरक पडतो, तितका त्या किमतीत दुसऱ्या कशानंही पडत नाही.

हिंदुस्थानी पद्धतीत तारा कशा लावतात?

पाश्चात्त्य पद्धतीत जाड तारेकडून बारीककडे जी-डी-ए-ई असं लावतात. आपल्याकडे गुरूप्रमाणे प-सा-प-सा किंवा सा-प-सा-प लावतात. वर्गात एकच पद्धत ठेवा. दोन्हींची भेसळ झाली की मुलं एकमेकांची बोटं बघून चुकतात.

प-सा-प-सा धरून चालू. सा पांढरी एक (हार्मोनियमची पट्टी, म्हणजे सी) ठेवला, तर जाड तार ‘जी’वरच राहते, डी उतरून सी, ए उतरून जी आणि ई उतरून सी होते. सोपं आहे, पण पहिली तार चार अर्धस्वर खाली येते, सैल पडते आणि आवाज पोचट लागतो. सा काळी एक (सी शार्प) ठेवला, तर जाड तार अर्धा स्वर चढते, बाकीच्या उतरतात आणि ताण बऱ्यापैकी सारखा राहतो. वर्गासाठी आम्ही काळी एकच सुचवू. काळी दोन नको. त्यात जाड तार तीन अर्धस्वर चढवावी लागते, आणि ती खुंटीपाशी तुटण्याचा धोका असतो.

या लावणीचा मोठा फायदा असा की दोन तारांत अख्खं सप्तक मावतं. सा-रे-ग-म एका तारेवर, प-ध-नी-सा शेजारच्या तारेवर, आणि दोन्हींवर बोटांच्या जागा जवळजवळ सारख्याच.

त्या जागा मोजूनही काढता येतात. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर नटपासून (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत तार साधारण ३२८ मिमी असते. मोकळी तार सा धरली तर शुद्ध रे तारेच्या नवव्या भागावर, म्हणजे नटपासून ३६ मिमीवर येतो. शुद्ध ग पाचव्या भागावर ६६ मिमीला, म चौथ्या भागावर ८२ मिमीला आणि प तिसऱ्या भागावर १०९ मिमीला. लहान आकारातही हेच भाग, फक्त तार मोजून घ्या. या जागी बारीक टेपच्या पट्ट्या लावायला हरकत नाही, मात्र तीन-चार महिन्यांत काढा. डोळ्यांनी वाजवणाऱ्याला मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) येत नाही.

तार लावताना खुंटी फिरवता फिरवता आत दाबायची असते. नुसती फिरवली तर सुटते. स्वराच्या किंचित खाली येऊन थांबा, उरलेलं फाइन ट्यूनरनं करा. दर चार-पाच वेळा तारा लावल्या की ब्रिज बघा. तारा ताणताना तो फिंगरबोर्डकडे कलतो आणि एक दिवस आपटतो. त्याची शेपटीकडची बाजू फळीशी काटकोनात असली पाहिजे. तारा बदलताना एकेकच बदला. चारही एकदम काढल्या की ब्रिज आणि साउंड पोस्ट दोन्ही पडतात.

मांडी घालूनच बसायचं का? मुलींना ओढणी किंवा हिजाबची अडचण होते का?

मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर आणि मागचं टोक डाव्या खांद्याशी, छातीला लागून. वाद्य दोन टोकांवर टेकलेलं असल्यानं डावा हात मोकळा राहतो, आणि मींडेसाठी तोच हवा असतो. हनुवटीनं घट्ट धरावं लागत नाही, त्यामुळे हिजाबची अडचण येत नाही. ओढणी किंवा साडीचा पदर गुळगुळीत असेल तर वाद्य घसरतं. खांद्यावर कॉटनचा रुमाल टाकून त्यावर वाद्य ठेवलं की भागतं.

गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी किंवा व्हीलचेअरवर बसणाऱ्यांनी उभ्याच्या पद्धतीप्रमाणे शोल्डर रेस्ट लावून वाजवावं. मींड लहान घ्यावी लागते, एवढाच फरक.

गळ्याच्या क्लासात मुलामुलींचे सा वेगळे पडतात, मुलांचा आवाज फुटला की आणखी घोळ होतो. व्हायोलिनच्या वर्गात सगळ्यांचा सा एकच. एका तानपुऱ्यावर सहावीतली मुलगी आणि पन्नाशीतले काका शेजारी बसून वाजवू शकतात. मिश्र वर्गाला हे वाद्य फार सोयीचं आहे, आणि याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही.

डावखुऱ्या, दृष्टिहीन किंवा बोटांत कमी असलेल्या मुलांना शिकवता येतं का?

डावखुऱ्या मुलाला नेहमीसारखंच शिकवा. वाद्य उलटं करायचं म्हणजे नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही. आतली बेस बार (वरच्या फळीखालची लाकडी पट्टी) आणि साउंड पोस्ट ठरावीक बाजूला असतात, ब्रिज आणि नटही एका बाजूला उतरते असतात. शिवाय सुरुवातीचं खरं कष्टाचं काम डावा हातच करतो.

दृष्टिहीन मुलांना आपली तोंडी परंपरा अनुकूल आहे. वर सांगितलेल्या जागी फिंगरबोर्डच्या कडेला उंचवटा लागेल अशी जाड चिकटपट्टी लावा. बो सरळ राहतो का हे त्यांना दिसत नाही, म्हणून पहिले काही दिवस शिक्षकानं त्यांचा उजवा हात धरून बो फिरवावा. हात धरण्याआधी सांगावं, विचारावं.

बोट कमी असेल तरी घाबरू नका. हिंदुस्थानी वादनात मींड आणि घसीट मुख्यतः पहिल्या दोन बोटांवरच चालते.

बो ओढला की चिरका आवाज येतो. का?

बहुतेक वेळा कारण उजव्या हातात असतं. या क्रमानं तपासा.

बो ब्रिज आणि फिंगरबोर्डच्या टोकाच्या मध्यावर आहे का? ब्रिजजवळ सरकला की चिरकतो, फिंगरबोर्डवर गेला की फुसका लागतो. तो ब्रिजला समांतर चालतो का? आरशात बघा, टोकाकडे जाताना तो हमखास तिरपा होतो. दाब जास्त आणि वेग कमी आहे का? नवशिक्याची ही सगळ्यात नेहमीची चूक.

मग राळ. नवी वडी गुळगुळीत असते, ती केसांना लागतच नाही. बारीक पॉलिश पेपरनं वरचा थर खरवडा आणि पहिल्यांदा बऱ्यापैकी घासा. नंतर रोज चार-पाच हात पुरे. वाजवताना पांढरी पूड उडत असेल तर राळ जास्त झाली. केसांना बोट लावू नका. डोक्याच्या तेलाचा हात लागला की तेवढ्या पट्ट्यात राळ धरत नाही आणि बो तिथे घसरतो. बो ताणताना मध्यभागी काडी आणि केस यांत पेन्सिल जाईल इतकीच फट ठेवा, वाजवून झालं की सैल करा.

उन्हाळ्यात वाद्याचं काय करायचं?

मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, आणि पत्र्याच्या घरात त्याहून वाईट. व्हायोलिनचे सांधे सरसानं, म्हणजे प्राणिज डिंकानं, जोडलेले असतात. सरस उष्णतेनं सुटतो. तो मुद्दामच वापरतात, कारण लाकूड आकसलं की सांधा सुटावा आणि फळी वाचावी. म्हणून सुटलेल्या सांध्याला फेविकॉल किंवा अ‍ॅराल्डाइट लावू नका. पुढच्या उन्हाळ्यात सांधा पक्का राहतो आणि फळीच तडकते.

सांधा सुटल्याची खूण : एखाद्या स्वराला झणझण येते. कडेनं बोटाच्या पेरानं टकटक करत फिरा. सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो.

पेटी माळ्यावर, गाडीत, मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. कूलरसमोर तर अजिबात नको. दुपारभर ओली हवा आणि रात्री कोरडी, या फेऱ्यात लाकूड सतत फुगतं-आकसतं. जुन्या मातीच्या भिंतींच्या घरातली आतली खोली उत्तम. आपल्याकडे डिसेंबरपासून हवा कोरडी होते आणि खुंट्या घसरतात. खुंटी काढून खडू फिरवा. पावसाळ्यात त्या फुगून जाम होतात, तेव्हा जोर लावू नका. खुंटी बाहेर काढून कोरडा साबण चोळा, मग हळूच बसवा.

गरीब घरच्या मुलांना फी माफ केली तर पुरे ना?

नाही. फीमाफी मिळालेलं पण घरी वाद्य नसलेलं मूल आठवड्यातून दोन तास वाजवतं. शेजारचं मूल रोज अर्धा तास. वर्षानं दुसरं पुढे जातं आणि पहिल्याला ‘हुशारी कमी’ म्हणतात. आमच्या मते एक फीमाफी कमी द्या, पण वाद्य घरी जाऊ द्या.

त्यासाठी वाद्यपेढी, म्हणजे मुलांना घरी नेता येतील अशा वाद्यांचा साठा, करावा. दहा मुलांच्या वर्गाला तीन अर्ध्या, चार पाऊण आणि तीन पूर्ण आकाराची व्हायोलिनं असली की बरंचसं भागतं. प्रत्येक पेटीत वाद्य, बो, राळेची वडी, मऊ कापड आणि एक जादा पहिली तार. तीच आधी तुटते. वाद्यावर क्रमांक टाका, नोंदवहीत पालकांची सही घ्या आणि देताना ब्रिजचा फोटो काढून ठेवा. अनामत ठेवायची तर नाममात्र. मोठी अनामत म्हणजे फीच, दुसऱ्या नावानं. मोडतोडीचा खर्च कुटुंबावर टाकू नका, नाहीतर भीतीनं पेटी उघडलीच जात नाही. जुनी वाद्यं शहरातल्या घरांत कपाटावर पडून असतात. आवाहन केलं की मिळतात, पण घेण्याआधी साउंड पोस्ट आणि सांधे तपासा.

ऊसतोड कामगारांची मुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातात. त्यांचं काय?

बीड-धाराशिवकडच्या वर्गाला हा प्रश्न दर वर्षी येतो. मुलं मार्च-एप्रिलला परततात. कोपीत (फडावरच्या झोपडीत) वाद्य नेणं धोक्याचं. धूळ, दहिवर, बैलगाडीचे हिसके यांत ते टिकत नाही. जे मूल वसतिगृहात किंवा आजीकडे राहतं, त्याचं वाद्य तिथेच द्या.

जे आईबापांबरोबर जातं, त्याला गळ्यानं शिकवून पाठवा. पाच अलंकार (स्वरांचे पलटे) आणि भूपाची एक बंदिश तोंडपाठ, ताल हातावर. मोबाइलमध्ये तानपुऱ्याची आणि बंदिशीची फाइल टाकून द्या, म्हणजे रेंज नसली तरी चालते. परतल्यावर त्याला नव्या मुलांत बसवू नका. बोटं पंधरा दिवसांत परत येतात, आणि कान तर पुढेच गेलेला असतो.

वर्गात काय वाजवावं? बंदिशीच की लोकगीतंही?

पहिले तीन महिने लांब स्वर आणि अलंकार. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर ठेवून बो एकदा ओढायला आठ मात्रा, रोज दहा-पंधरा मिनिटं. मग भूप, दुर्गा, सारंग. कमी स्वर असल्यानं बोट चुकण्याच्या जागाही कमी.

लोकगीतं घ्यावीतच, पण ‘सोपी म्हणून’ नव्हे. मुलांना घरून एक गाणं आणायला सांगा : आईची ओवी, तांड्यावरचं गाणं, नातेतली (पैगंबरांच्या स्तुतिगीतातली) चाल, भीमगीत, भारूड, शबद. बहुतेक चाली पाच-सहा स्वरांत बसतात. प्रत्येकाची चाल आधी सगळ्यांनी गायची, मग सरगम शोधायची, मग वाजवायची. गाणारं मूल तेवढ्यापुरतं शिक्षक. उच्चार आणि ठेका त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचे. गोरमाटीतला (बंजारा बोलीतला) शब्द शिक्षकानं आपल्या मराठीत वळवून घेऊ नये.

कार्यक्रमात मात्र जपा. तांड्यावरच्या मुलीनं दर वेळी बंजारा गीतच वाजवायचं आणि यमन दुसऱ्यानं, अशी वाटणी नकळत होते. यमन तिलाही द्या, आणि तिचं गीत इतरांनाही.

घरचे म्हणतात, आमच्यात वाद्य चालत नाही.

वाद घालू नका, मुलाला मध्ये ओढू नका. एकदा वर्गात येऊन बसायला सांगा. तरीही नको असेल तर तो निर्णय त्यांचा. काही घरांत वाद्य घरी आणलेलं चालत नाही, पण शाळेत वाजवलेलं चालतं. अशा मुलांसाठी शाळा सुटल्यावर अर्धा तास खोली उघडी ठेवता आली तर ठेवा.

परीक्षा कोणत्या?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद, मग अलंकार. सत्रं वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. दहावीला वाढीव कलागुणांसाठी शाळेमार्फत प्रस्ताव जातो, म्हणून प्रमाणपत्रं जपून ठेवा आणि अटी त्या वर्षीच्या बघा. ऊसतोडीवर जाणाऱ्या मुलांना दोन्ही सत्रं गैरसोयीची पडतात. त्यांची प्रगती परीक्षेवर मोजू नये.

यात पोट भरतं का?

नुसत्या मैफलींवर भरणारे थोडे. बहुतेकांचं जमतं ते शिकवण्या, शाळेतली नोकरी, भजन-नाट्यसंगीताची साथ, लग्नसमारंभ आणि ध्वनिमुद्रण यांच्या जोडीनं. आकाशवाणीची श्रेणी मिळाली तर नावाला वजन येतं. त्यासाठी ऑडिशन द्यावी लागते आणि सुरुवात बी श्रेणीपासून होते. संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड, धाराशिव इथे केंद्रं आहेत, चौकशी तिथेच करावी. साथ करायची असेल तर सा बदलून लगेच वाजवण्याचा सराव हवा. कीर्तनकार काळी एकच्या सोयीनं गात नाहीत.

दुरुस्ती कुठे करायची?

ब्रिज बसवणं, तारा बदलणं, खुंट्या ठीक करणं हे शिक्षकाला आलंच पाहिजे. साउंड पोस्ट उभी करायला एस आकाराचं लोखंडी हत्यार मिळतं. ते घेऊन आधी जुन्या वाद्यावर हात बसवा. सांधा, तडा किंवा बोचे केस बदलणं पुण्या-मुंबईच्या कारागिराकडे. पाठवताना तारा थोड्या सैल करा, पण पूर्ण काढू नका. ब्रिजखाली-वर मऊ कापड भरा आणि एसटीच्या पार्सलपेक्षा जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाच्या हाती द्या.